डाव्या बाजूचा बोल्ट

व्यंकटराव भावजींनी मला माझं वजन विचारलं ते भर गल्लीत, भाजीच्या गाड्यापाशी, चार बायकांच्या देखत. मी मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होते आणि हे मागून आले.

"वहिनी, तुमचं वजन काय भरतं?"

भाजीवाल्याच्या हातातला तराजू तसाच लोंबकळत राहिला. समोरच्या गॅलरीतली बाई आत निघाली होती, ती थांबली. मी शाळेत मास्तरीण आहे. मला लोक पोरांचे मार्क विचारतात, सुट्ट्या कधी लागणार ते विचारतात. वजन कुणी विचारत नाही. मी म्हटलं, "का हो? मेथीसोबत मलापण तोलून घ्यायचं का?"

"तसं न्हाई. गाडीत डाव्या बाजूला बसवून बघायचं होतं."

हे त्यांनी इतक्या सरळ तोंडानं सांगितलं, की हसावं का भांडावं तेच मला कळेना. भाजीवाला मात्र खुदकन हसला. मी त्याची मेथी त्याला परत दिली आणि तणतणत घरी आले.

तर असे हे आमचे शेजारी. त्यांची भिंत आमच्या भिंतीला लागून. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झाले. निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात, नाहीतर शुगर लावून घेतात. यांनी जुनी पिकअप घेतली. मुदखेडच्या बाजूला वडिलांची जमीन आहे, तिच्यात झेंडू, शेवंती, गलांडा लावतात. ती फुलं नांदेडच्या बाजारात आणायला गाडी पाहिजे, असं म्हणणं. आता फुलांना वजन ते किती? टनभर माल ओढणारी गाडी आणि तिच्यात झेंडूची चार पोती! आमचे हे म्हणाले, "व्यंकटराव, एवढ्या फुलांना मोटरसायकल पुरली असती की." भावजींना राग आला नाही. ते म्हणाले, "मोटरसायकलीला टोरशन बार असतोय का?"

बस्स. तिथून आमच्या गल्लीच्या मागं हा टोरशन बार लागला तो लागलाच. नळाला पाणी का नाही म्हणून चार माणसं जमली, की हे हळूच तिथं येऊन उभे राहणार. पाण्याचं बोलणं दोन वाक्यांत टोरशन बारवर आणणार. आमच्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांना बाजूला घेऊन हातरुमाल पिळून दाखवत होते. व्याही बिचारे नवीन. त्यांना वाटलं, आमच्याकडची काही पद्धत असेल. ते दुसरं टोक धरून उभे राहिले.

मला स्वतःला हा धडा मिळाला गच्चीवर. रविवार होता आणि मी डबलबेडची चादर धुऊन पिळत होते. ती एकट्या माणसाला पिळता येत नाही. आमचे हे खाली पेपरात तोंड घालून बसलेले, हाक मारली तरी ऐकू येत नव्हतं. पलीकडच्या गच्चीवरून भावजींनी बघितलं आणि कठडा ओलांडून आले.

"द्या एक टोक. तुम्ही तुमचं टोक घट्ट धरा, अजिबात हलायचं न्हाई. तुम्ही चेसी."

"मी काय?"

"चेसी. गाडीचा सांगाडा. सांगाडा हलत नसतोय. आन् मी म्हंजी पुढलं चाक. आता खड्डा आला, दगड आला, चाक वर उचललं." असं म्हणत त्यांनी चादरीला पीळ द्यायला सुरुवात केली. "चाक वर जाताना चादरीला पीळ पडला. चादरीला ते आवडत न्हाई. ती मागं फिरायला बघती, मून चाकाला परत खाली दाबती. झालं सस्पेन्शन! ना स्प्रिंगचं वेटोळं, ना पाट्यांची चळत. एक सरळ लोखंडी रॉड. पुढलं टोक चाकाच्या आर्मला, मागलं टोक सांगाड्याला. सगळा खेळ पिळाचा हाय."

"हाव, कळलं. सोडा आता, पाणी अंगावर यायलंय."

"दमा. बोल्टाचं राहिलं. तुमच्या टोकाला सांगाड्यात एक बोल्ट असतोय. तुम्ही जरासक मनगट फिरवा. हां. बघा, माझा हात आपसूक फिरला. म्हंजी बोल्ट कसला की गाडीचं नाक वर, ढिला केला की खाली. आता मला सांगा, चादर जाड झाली का? कडक झाली का? न्हाई! चादर तीच! नुस्ती उंची बदलली. आन् हे ड्रायव्हर लोक म्हणत्यात, बोल्ट कसला मून स्प्रिंग कडक झाली!" ड्रायव्हर लोकांची आठवण होताच त्यांना असा संताप आला, की त्यांनी टोक सोडून हात उडवले. चादर गर्रकन फिरली आणि साबणाचं पाणी माझ्या डोळ्यांत गेलं. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून मला पिकअपचं पुढचं सस्पेन्शन कळतं. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना कळत नाही.

देगलूर नाक्यावर रशीदभाईंचं गॅरेज आहे. भावजींची दुपार तिथं जायची. कुणी पिकअपवाला आला आणि "पुढून थोडी उचलून द्या, उंच दिसली पायजे" म्हणाला, की हे खुर्चीतून उठलेच. "कामून उचलायलास? रस्त्यावर हत्ती आडवे येत्यात का? उचलली की चाकाला खाली जायला जागा ऱ्हात न्हाई. मंग खड्ड्यात गाडी आपटती आन् टायर एका अंगानं खातंय." ड्रायव्हर वैतागून निघून जायचे. रशीदभाई कपाळाला हात लावायचे. "साब, तुम रोज आये तो मेरा धंदा बैठ जाता. चाय पियो, बात नक्को करो." एकदा दोन्ही रॉड ग्रीस लावायला काढले होते. ते अदलाबदल होऊ नयेत म्हणून भावजी दोघांच्या मधोमध स्टूल टाकून बसले आणि जेवायलाही उठले नाहीत. म्हणे, दिसायला दोन्ही सारखे, पण डावा एका अंगाला पीळ खाऊन मुरलेला असतो आणि उजवा दुसऱ्या. डावा उजवीकडं घातला की तडकतो.

आणि घरासमोरची फरशी! लोक घरापुढं सिमेंट करताना पाणी वाहून जावं म्हणून उतार देतात. भावजींनी गवंड्याच्या मागं लेव्हल बघायची पाण्याची नळी घेऊन फिरून फिरून ती तळहातासारखी सपाट करून घेतली, कारण गाडीची उंची सपाट जागेवरच मोजता येते. मग पावसाळ्यात तिथं तळं साचायचं आणि डास आमच्याकडं. शकुताई, म्हणजे त्यांची बायको, खराट्यानं पाणी ढकलता ढकलता म्हणायची, "सगळ्या जगाला ढाळ चालतोय, आमच्या घरालाच चालत न्हाई."

शकुताई माझी मैत्रीण. ठेंगणी, भरलेली, मोठ्यानं हसणारी बाई. गाडी घेतली तेव्हा उंची बसवायला भावजींनी तिलाच रशीदभाईंच्या गॅरेजात नेलं होतं. तिला डाव्या सीटवर बसवलं, स्वतःच्या जागेवर रशीदभाईंना बसवलं, आणि स्वतः खाली झोपून पान्यानं बोल्ट फिरवत राहिले. तिनं वर बसल्या बसल्या किलोभर शेंगा सोलल्या. तिच्या सीटखालूनच तो डावा रॉड जातो. दोघं बसले की दोन्ही बाजू अगदी सारख्या. मग बोल्टावर पांढऱ्या रंगाची खूण केली. रोज पहाटे दोघं शेतात जायचे, फुलं भरून बाजारात यायचे, आणि उन्हं वर यायच्या आत घरी. तिच्या केसात नेहमी शेवंती असायची. सगळी गल्ली फुकटात फुलं माळायची.

मग पुण्यात मुलाला मूल झालं. शकुताई तीन महिन्यांसाठी म्हणून गेली. ते मूल आता शाळेत जातं.

ती गेली आणि गाडीची डावी बाजू वर राहिली. फार नाही. आपल्याला दाखवली तरी दिसणार नाही. पण भावजींना दिसायची. रशीदभाई म्हणाले, बोल्ट दोन फेरे ढिला करतो, पाच मिनिटांचं काम. भावजींनी त्यांच्या हातातला पाना काढून घेतला. "ती आल्यावर पुन्हा कसावा लागंल. कामून खामखा हात लावायचा?"

म्हणून मग डाव्या सीटवर वजन ठेवणं सुरू झालं. आधी ज्वारीचं पोतं. त्याला उंदीर लागले. मग गॅसचं सिलिंडर, त्याला सीटबेल्ट लावून. वाटेत पोलिसानं गाडी थांबवली आणि विचारलं, हे काय? भावजी म्हणाले, "डावी बाजू." पोलिसानं दहा मिनिटं टोरशन बार ऐकून घेतला आणि हात जोडले. सिलिंडरचं वजन पुरेना, तेव्हा माझ्यापर्यंत पाळी आली. ती भाजीवाल्यासमोरची गोष्ट त्या दिवसांतली.

पुढं मी बसलेसुद्धा. माझी शाळा मुदखेडची, आणि ती सकाळची बस म्हणजे नशिबाचा खेळ. आमचे हे म्हणाले, जा की, शेजारीच तर आहेत. पहिल्या दिवशी मला बसवून त्यांनी पुढचं मडगार्ड दोन्हीकडून दाबून सोडलं, म्हणजे गाडी आपल्या जागी बसते, आणि स्टीलच्या पट्टीनं उंची मोजली. वर येऊन म्हणाले, "जरा जास्त व्हायलं. पण चालंल." मी त्या दिवशी डब्यातली एक चपाती परत आणली.

मला वाटलं होतं, मुदखेडपर्यंत कान किटणार. पण गाडीत ते एक शब्द बोलायचे नाहीत. बारडच्या रस्त्याला ऊन यायचं, हे समोर बघत चालवायचे. एकदा सवयीनं डावा हात पुढं करून म्हणाले, "पाणी दे गं." मी बाटली दिली. ते प्यायले, आणि बाटली परत देताना त्यांना कळलं की कुणाला म्हणालो. शाळा येईपर्यंत त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

त्यांचे फोन मी गच्चीवरून ऐकायची. मुद्दाम नाही, ते बोलतातच मोठ्यानं. रोज संध्याकाळी एकच पाढा. "डावी बाजू वरच हाय. ... न्हाई न्हाई, बोल्ट हालला न्हाई, खूण बघितली. ... टायर ठीक हाय." तिकडून ती बहुतेक हं, हं म्हणत असावी. मग फोन बंद. मग हे अंगणात येऊन, गाडी पुसलेली असली तरी परत पुसणार. एकदा मला राहवलं नाही. कठड्यावरून म्हटलं, "भावजी, सरळ सांगत का नाही तिला, की मला करमत नाही, परत ये म्हणून?"

"तिला तिकडं काम हाय, वहिनी. पोरगं लहान हाय."

"मग तुम्ही तरी जा!"

"जाऊन आलो की. चौथ्या दिवशी वापस. तिथं माझं काय काम? आन् गाडी कोण बघंल?"

शकुताई मला वेगळा फोन करायची. "जेवतात का गं?" मी म्हणायची, जेवतात. खरं म्हणजे ते सकाळी वरण लावायचे आणि दोन्ही वेळा तेच खायचे, कधी ते पण नाही. पण तिला कशाला काळजी? ती म्हणायची, "मी पण मजेत आहे." मला ते खरं वाटायचं.

या हिवाळ्यात तिच्या भाच्याचं लग्न निघालं आणि ती आठ दिवसांसाठी आली. भावजींनी आदल्या दिवशी गाडी दोनदा धुतली. मी नसताना सीटवर असायचं ते सिलिंडर काढून स्वयंपाकघरात ठेवलं. टायरांत हवा मोजून भरली. पहाटे स्टेशनवर निघाले तर मी म्हटलं, "अहो, दाढी तरी करा." गाडीच्या आरशात बघून ते परत घरात गेले.

मी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहिले. गाडी आली, सपाट फरशीवर थांबली. शकुताई डाव्या बाजूला, शाल लपेटून. मी खिडकीतून तिचा हात धरला तर हाताला नुसती हाडं लागली. म्हटलं, "अगं, हे काय?" ती म्हणाली, "पुण्याचं पाणी." आणि हसली, पण तिचं ते हसणं कुठं गेलं होतं कुणास ठाऊक.

"वहिनी, तिला उतरवू नका," भावजी ओरडले. "शकू, बसून ऱ्हा. मला बघू दे."

"आले न्हाई तं लागले का तुम्ही!"

पण तिचं कोण ऐकतंय? किती वर्षांनी दोन्ही बाजू सारख्या होणार होत्या. शेजारचे एक काका फिरून येत होते, त्यांना उजवीकडं बसवलं. मडगार्ड दाबून सोडलं. पट्टी लावली, उजवीकडं, मग डावीकडं. मग परत उजवीकडं. चष्मा पुसला. परत डावीकडं. मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही वाचा हो हे." मी वाचलं. डावी बाजू वरच होती.

त्यांनी हवा तपासली. मग धुतलेल्या शर्टानिशी खाली शिरले. आम्हाला त्यांचे पाय तेवढे दिसत होते. बराच वेळ ते पाय हललेच नाहीत.

बाहेर आले ते डाव्या दारापाशी येऊन उभे राहिले. हात काळे, पाठ मातीनं भरलेली. शेजारच्या काकांना काय वाटलं काय माहीत, ते गुपचूप उतरून निघून गेले.

"शकू, बोल्ट हालला न्हाई. खूण जागेवर हाय."

"बरं."

"रॉड बराबर हाय. हवा बराबर हाय."

"मग?"

"मग तू कमी झालीस." त्यांनी तिच्याकडं बघितलं. स्टेशनवरून घरापर्यंत हा माणूस तिच्या शेजारी बसून आला होता, पण बघितलं ते आत्ता. "लई कमी झालीस गं."

ती म्हणाली, "त्यात काय, पुण्यात बाया त्यासाठी पळायला जात्यात." भावजी हसले नाहीत. मीही हसले नाही. मग ती शालीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. म्हणाली, "सकाळी मुलगा-सून दोघं कामाला जातात. पोरगं शाळेत. दुपारी त्याला खालून आणायचं, तवर घरात मी आन् भिंती. ताट वाढून घेते. पण एकटीला घास उतरत न्हाई. झाकून ठेवते. संध्याकाळी सून इचारती, आई जेवलात का? हाव म्हणते. चांगली हाय ती. तिला काय सांगू?"

"मला सांगायचं न्हाई का? रोज फोन करतो."

"तुम्ही गाडीचं सांगता," शकुताई म्हणाली. "त्यात माझं कुठं घालू?"

हे ती रागानं म्हणाली नाही, म्हणून जास्त लागलं. भावजींनी मान खाली घातली. मला वाटलं, आता हे पिळाचं काहीतरी सांगणार. देवा, आज नको, आज यांनी काही सांगितलं तर मी तांब्याच फेकून मारीन, असं माझ्या मनात आलं.

ते म्हणाले, "मलाबी जात न्हाई घास. तू गेल्यापसून."

आयुष्यात पहिल्यांदा ते टोरशन बार सोडून बोलले. मग दार उघडून म्हणाले, "मी येतो तुझ्यासंग. पोराला तू खालून आण, मी वर ताटं वाढून ठेवतो. दोघं जेवू."

शकुताईनं त्यांच्याकडं नीट बघितलं, खरं बोलतात का म्हणून. "आन् गाडी?"

त्यांनी गाडीकडं वळून बघितलंसुद्धा नाही.

"लोखंड हाय ते," भावजी म्हणाले. "त्याला काय हुतंय? उतर."

त्यांनी काळा हात पुढं केला. एरवी साडीला बोट लागलं तरी ओरडणारी बाई तो हात धरून खाली उतरली आणि उतरल्यावरही तिनं तो सोडला नाही. मी दोघांवरून भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं आणि तुकडा टाकायला गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथंच भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. मला लई रडू येत होतं, आणि लग्नाला आलेल्या माणसांसमोर रडलेलं बरं दिसत नाही.